बूट बुडाला असता

४ जून

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. पत्र पाहून आधी घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. मधल्याचा खोकला गेला, माझी साखर होती तिथेच आहे.

लिहायचं कारण असं. वरच्या मजल्यावर नव्या बाई राहायला आल्यात, शाळेत शिकवतात. चपलेचा अंगठा तुटला म्हणून खाली आल्या. मी धंदा बंद केला तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाही म्हणत नाही. भिंतीवर तुझा फोटो पाहून म्हणाल्या, "अहो, हे तर आमच्या आठवीच्या पुस्तकात आहेत!" मला वाटलं, बाई चुकतायत. तर संध्याकाळी पुस्तकच घेऊन आल्या. धड्याच्या वर तुझं नाव. तू आम्हाला कळवलं नाहीस. कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल.

मी वाचायला घेतलं, पण माझं वाचणं चौथीतलंच राहिलंय हे तुला माहीत आहे. दुसऱ्या पानावर धाप लागली. मग बाईंनीच वाचून दाखवलं. मधला खिडकीशी कुणाचं तरी घड्याळ उघडून बसला होता. भिंग डोळ्याला, पण कान इकडे.

कथा चांगली आहे. मला रडू आलं. पण तेव्हापासून तीन काळज्या लागल्यात, त्या लिहितो.

पहिली. तुझ्या कथेत एक भाऊ लंगडा, थोरला भाऊ त्याला उंच तळाचा बूट करून देतो, आणि धाकटा भाऊ जळून तो बूट कालव्यात टाकतो. आळ लंगड्यावर येतो. हे वाचून लोक म्हणतील, यानेच टाकला. बाईंनी मला विचारलंच, "तुमच्याकडे खरंच असं झालं होतं का हो?" मी सांगितलं, बूट हरवला हे खरं. मधला कालव्यावर पाय धुवायला बसला आणि बूट विसरून आला. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. मी त्याला चामड्याच्या वादीने फोडून काढला, तेही खरं. पण धाकट्याचा त्यात काय संबंध? तेव्हा पुस्तकवाल्यांना पत्र लिही आणि खाली एक ओळ छापून घे, की असं झालेलं नाही.

दुसरी. शेवटी तू मधल्याला तापाने मारलंस. बाईंनी वाचलं तेव्हा तो भिंग न काढता म्हणाला, "बाई, मेलेल्या माणसाला अर्धा कप चहा चालेल का?" बाईंना हसू आवरेना. मी नाही हसलो. जिवंत माणसाला असं मारू नये रे.

तिसरी. धड्याखाली प्रश्न आहेत. त्यातला एक: 'पाण्यावर तरंगणारा बूट कशाचे प्रतीक आहे?' प्रतीक म्हणजे काय ते बाईंनी समजावलं. एक वस्तू दाखवायची आणि त्यातून दुसरंच सांगायचं. मी म्हटलं, आमच्या धंद्यात रेक्झिन दाखवून चामडं सांगतात, त्याला फसवणूक म्हणतात. त्यावर बाई म्हणाल्या, तसं नाही हो. मग कसं, ते तू लिही.

तुझे बूट कसे आहेत? तळ गेला असेल तर पाठव.

तुझा
दादा

१६ जून

ती. दादास,

साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि हसलोही. दादा, ती कथा आहे. कथेतला 'मी' म्हणजे मी नव्हे. लेखक आपल्या घरातली एखादी वस्तू उचलतो, जसा तू चामड्याचा तुकडा उचलायचास, आणि त्यातून वेगळंच काही शिवतो. आपल्या घरी एक बूट हरवला होता, एवढंच मी घेतलं. बाकी सगळी कल्पना.

आता तुझा प्रश्न. जड वस्तू पाण्यात बुडते. आपण केलेली वाईट गोष्टही बुडावी, दिसेनाशी व्हावी, अशी आपली इच्छा असते. पण कथेतला बूट बुडत नाही. मुलगा काठाकाठाने धावतो, आता बुडेल, मग बुडेल म्हणून वाट पाहतो, आणि बूट आपला तरंगत पुढे जातो. तो बूट म्हणजे त्या मुलाचं मन. मन बुडवता येत नाही. समीक्षकांनी याच जागेचं फार कौतुक केलं. पुस्तकात निवड झाली तीही तिच्यामुळेच.

भाऊच्या मरणाचंही तसंच. त्याला सांग, कथेत तो मरत नाही, त्या मुलाचं बालपण मरतं.

खाली ओळ वगैरे छापत नसतात, दादा. तू उगाच जिवाला घोर लावून घेतोस. ऑगस्टमध्ये माझा सत्कार आहे, त्याच्या धावपळीत आहे. बूट उत्तम आहेत. लोक विचारतात, कुठे घेतले.

तुझा
धाकटा

२५ जून

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं आणि बरं वाटलं. बाईंना वाचून दाखवलं. मन म्हणजे बूट, हे मला पटलं. मी मधल्यालाही समजावलं, की तू मेलेला नाहीस, बालपण मेलंय. तो म्हणाला, "मग बालपणाचा चहा मला दे."

पण नंतर एक गोष्ट डोक्यात शिरली आणि निघेना. ती तुला सांगण्याआधी मला एक कबुली द्यावी लागेल. छप्पन्न वर्षं कुणाला बोललो नाही.

मधल्याचा पाय तीन बोटं आखूड. पहिला बूट मी नुसत्या चामड्याचा केला होता, थरावर थर. तो इतका जड झाला की अकरा वर्षांच्या पोराची मांडी थरथरायची. शाळेपर्यंत जाताना तो चार ठिकाणी बसायचा आणि तू पुढे जाऊन उभा राहायचास. तेव्हा आमच्या मालकांकडे बुचाच्या लाद्या यायच्या, बड्या गिऱ्हाइकांच्या बुटांत आतून घालायला. बूच म्हणजे हलकं, हातात घेतलं तरी घेतल्यासारखं वाटत नाही. मी त्याचे तुकडे सदऱ्याखालून आणले. न विचारता. चोरीच ती. तीन महिन्यांत सात तुकडे जमले. ते खळीने चिकटवले, वरून चामडं असं चढवलं की कुठे सांध दिसू नये, आणि टाचेला नाल ठोकली.

तुम्हा दोघांना मी सांगितलं, सगळे थर चामड्याचेच आहेत, फक्त चामडं जुनं आणि सुकलेलं आहे म्हणून हलकं. मालकांचा मुलगा तुझ्या वर्गात होता. तुझ्या तोंडून गेलं असतं तर मी कामावरून गेलो असतो आणि तिघांचं जेवण गेलं असतं. मधल्याला सांगितलं तर तो तुला सांगणार. म्हणून कुणालाच नाही. बूट हरवला तेव्हा वाटलं, ही माझ्या चोरीची शिक्षा. त्या रागाने मी मधल्याला दुप्पट मारला. आणि पुढे मालकांनी बूच कुलपात ठेवलं. दोन वर्षं दुसरा बूट झाला नाही. तेवढ्यात त्याची कंबर वाकडी झाली ती झालीच. शाळा सुटली.

परवा मी अंगणातल्या पिंपात दोन तळ सोडून पाहिले. एक थरांचा, चामड्याचा, नाल ठोकलेला. दुसरा तसाच, पण आत बूच. मधला खिडकीतून म्हणाला, "दादा, बूट धुतोयस की त्यांना पोहायला शिकवतोयस?" चामड्याच्यातून आधी बुडबुडे आले, मग तो कलला आणि तळाला गेला. बुचाचा वर राहिला. जेवून आलो तरी वरच.

धाकट्या, त्या बुटात बूच होतं हे तुला माहीत नव्हतं. तुझ्या लेखी तो चामड्याचा होता, लोखंडी नाल ठोकलेला. कल्पनेने लिहिणाऱ्याने तो बुडवला असता. बूट बुडाला असता. तू तरंगवलास. कसा?

हा प्रश्न पुस्तकात नाही. माझा आहे. मी मधल्याला काही बोललो नाही. तू लिहिशील ते मी खरं मानीन.

दादा

२१ जुलै

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. उत्तराला उशीर झाला, क्षमा कर. प्रवास, व्याख्यानं, आणि सत्काराची तयारी.

तुझी बुचाची हकीकत वाचून मला भरून आलं. तू आमच्यासाठी काय काय केलंस! यावर मी केव्हातरी लिहीनच.

तरंगण्याचं म्हणशील, तर मला नक्की आठवत नाही. कदाचित भाऊ म्हणाला असेल, बूट हलका आहे. कदाचित 'तरंगणं' हा शब्द सुचला आणि कथेला तोच बरोबर वाटला. कधी कधी लेखणी आपल्याला ठाऊक नसलेलंही लिहून जाते. तू प्रत्येक गोष्ट हातात घेऊन दाबून बघतोस, तशी कथा बघायची नसते.

आता एक नाजूक गोष्ट. मागे एका मुलाखतीत मला विचारलं, "हा भाऊ खरा होता का?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की होता, लहानपणीच गेला. मुलाखत घेणाऱ्या मुलीचे डोळे भरून आले होते, मला सावरून घेता आलं नाही. ते छापून आलं. आता पुस्तकातल्या माझ्या माहितीतही तेच आहे. तेव्हा तुमच्या वरच्या बाईंना जरा सांग, की शाळेत उगाच बोलू नका. सत्काराला तू अवश्य ये. भाऊला प्रवास झेपायचा नाही, त्याला दगदग नको. माझ्या मनात त्याच्याबद्दल काय आहे ते त्याला माहीत आहे.

तुझा
धाकटा

२९ जुलै

धाकट्या,

मेलेल्या माणसाचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. मी इथे खिडकीशीच आहे. आज तीन घड्याळं दुरुस्त केली आणि चौथं माझ्याकडून बिघडलं, म्हणजे मी बऱ्यापैकी जिवंत आहे.

दादाने तुझं पत्र मला दाखवलं नाही. उशीखाली ठेवलं. दादाला लपवता कुठे येतं? दोन दिवस माझ्याकडे बघून पाणी पितोस का, पाय दुखतो का, विचारत राहिला. तिसऱ्या दिवशी मी काढून वाचलं.

तू कालव्यावरून धावत आलास आणि जिन्याखाली मला धरून रडलास, ते मी विसरलेलो नाही. "भाऊ, तो बुडतच नव्हता," एवढंच म्हणत होतास. मी म्हटलं, गप, मी विसरलो म्हणून सांगतो. दादा मला मारील पण घरात ठेवील. तुझं काय करील याचा मला भरवसा नव्हता. आणि दोघांपैकी एकाने तरी शाळेत जायलाच हवं होतं. माझा हिशेब तेव्हा बरोबर होता, आजही मला तो चुकीचा वाटत नाही. तू शिकलास. तुझी पुस्तकं मी सगळी वाचलीत, दादाला माहीत नाही. वाचनालयातून आणतो.

पण आपलं एक ठरलं होतं. तू मोठा झालास की दादाला तू स्वतः सांगायचं. मी कधी मध्ये पडलो नाही. दर वेळी तू घरी आलास की मला वाटायचं, आज सांगेल. तू मिठाई ठेवायचास, नवे बूट घालून बघायचास आणि जायचास. मग तू ते सगळ्या जगाला सांगितलंस, वर त्याच्यावर प्रश्न निघाले, पाच पाच गुणांचे. फक्त दादाला सांगितलं नाहीस.

मारल्याचं मला काही नाही. पण मी जिवंत आहे हे लपवायला तू दादाला कामाला लावलंस, हे बरं केलं नाहीस. तो तुझ्यासाठी कधी खोटं बोलला नव्हता. काल बाईंना सांगायला म्हणून वर गेला आणि दारातूनच जिना उतरून आला.

आज सकाळी त्याने मला विचारलं, "मधल्या, तू कालव्यावर पाय धुवायला बसला होतास ना?" मी त्याच्याशी एकदाच खोटं बोललो होतो. दुसऱ्यांदा जमलं नाही. सांगितलं.

भाऊ

१० ऑगस्ट

ती. दादास,

नमस्कार. भाऊचं पत्र मिळालं. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

हो, मी टाकला. मी नऊ वर्षांचा होतो. दर रविवारी तू त्याचा पाय मांडीवर घेऊन बसायचास. माप घ्यायचास, खडूने खुणा करायचास, फुंकर घालायचास. माझ्या चपलेला दोऱ्याने बांधलेलं होतं. माझे पाय सरळ होते, म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं. एवढंच कारण. कथेत मी हे जास्त चांगलं लिहिलंय.

मला रोज सांगावंसं वाटलं. पण दर वर्षी ते सांगणं अधिक अवघड होत गेलं. शेवटी मी लिहून टाकलं. ती कथा म्हणजे माझी कबुलीच आहे, दादा. ती लिहू शकलो, कारण मला वाटलं, तू काही ती वाचणार नाहीस.

जमलं तर क्षमा कर. सत्कार रविवारी आहे.

धाकटा

२० ऑगस्ट

धाकट्यास,

तुझं पत्र मी स्वतः वाचलं. बाईंना बोलावलं नाही. दोन दिवस लागले, पण सगळं वाचलं. तुझी कथाही पुन्हा वाचली, बोट ठेवून, पहिल्या ओळीपासून. मी वाचणार नाही याच्यावर तू भिस्त ठेवली होतीस. म्हणजे मी चौथीत शाळा सोडली, ती तुझ्या अशी कामाला आली.

कथेत एक चूक आहे, ती सांगतो. थोरला भाऊ लंगड्याला मारतो तेव्हा तुझ्या कथेतला मुलगा आतल्या खोलीत झोपलेला आहे. आपल्याला आतली खोली नव्हती. त्या दिवशी तू आधी घरी आलास. तुझे तळवे सोलवटले होते, खडे रुतले होते. मी विचारलं तर म्हणालास, पकडापकडी खेळलो. मी परातीत कोमट पाणी घेतलं, तुझे दोन्ही पाय धुतले, एकेक खडा काढला, मलम लावलं. तुला खाटेवर बसवलं. मग मधला आला, भिंतीला धरून, एका पायात बूट नाही. म्हणाला, विसरलो. माझे हात तुझ्या पायांच्या पाण्याने अजून ओले होते. त्याच हातांनी मी वादी घेतली. तू खाटेवर बसून बघत होतास. माझं लक्ष गेलं होतं तुझ्याकडे. मला वाटलं, पोर भावासाठी घाबरलंय.

हे तू लिहिलं नाहीस.

मी मधल्याशीही चार दिवस बोललो नाही. तुमच्या दोघांचं ठरलं होतं, आणि मी त्या घरात नुसता मारणारा. छप्पन्न वर्षं मी त्याला धांदरट म्हणत आलो. छत्री विसरला, किल्ली विसरली, की म्हणायचो, तू बूट विसरणारा माणूस. तो हसायचा. पाचव्या दिवशी ताट पुढे सरकवून म्हणाला, "दादा, अजून दोनदा मारायचं असेल तर मार, पण जेव." मग जेवलो.

बाईंना मी खरं ते सांगितलं. मधला जिवंत आहे, आणि तो शाळेत जाणार आहे. त्यांनीच बोलावलंय, मुलांना घड्याळ उघडून दाखवायला. मुलांनी ओळखलं तर ओळखलं. तुझी पंचाईत होईल. होऊ दे.

सत्काराला मी आलो नाही. का आलो नाही, हे कुणी विचारलं तर कल्पनेने काहीतरी सांग.

या पत्राबरोबर एक पुडकं पाठवतोय. आत लाकडाचे दोन पाय आहेत, तुझ्या पायाचे साचे. माझ्या भिंतीवर तिघांचे टांगलेले होते, आता दोघांचे आहेत. तू उघडून बघशील आणि हे कशाचं प्रतीक म्हणून विचार करत बसशील, म्हणून आधीच लिहितो. कशाचंही नाही. ते साचे आहेत. मी तुझे बूट आता करणार नाही, दुसऱ्या कुणाला करायचे तर त्याला हे लागतील.

डाव्या साच्याच्या टाचेवर खडूची खूण आहे, ती पुसू नकोस. तुझी डावी टाच बाहेरून झिजते. तू बारा वर्षांचा असल्यापासून. तशीच चालू दिली असती तर तुझा गुडघा चाळिशीतच गेला असता. नव्या कारागिराला सांग, त्या टाचेत आतून बुचाचा पातळ थर घालायचा, बाहेरच्या बाजूला किंचित जाड. तो विचारणार नाही, तुलाच सांगावं लागेल. मी प्रत्येक जोडात घालत आलो. तुला कधी कळलं नाही, कारण बाहेरून ते दिसत नाही.

दादा